खंडेनवमीला फुटलेला पॉवर सप्लाय

कळंब्यातली संयोगिता खाडे फ्लेक्सची डिझाइनं करते. बारसं, वाढदिवस, निवड, फेरनिवड! कोल्हापुरात माणूस जन्मला की फ्लेक्सवर चढतोय, त्यामुळं कामाला कधी तोटा नाही. पण चुलतदीर धैर्यशीलच्या प्रेसवर ती राब राब राबली आणि बोर्डाच्या कोपऱ्यात नाव मात्र त्याचंच छापलं गेलं. शेवटी औंदा तिनं घरातच स्वतःचा जुना कॉम्प्युटर मांडला. नेसरीच्या बायकांनी नवी दूध संस्था काढली होती. दसऱ्याच्या उद्घाटनाचा मोठा बोर्ड त्यांनी हिलाच सांगितला. तेव्हापासून धैर्यशीलच्या पोटात दुखत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघरी हत्यारांची पूजा असते. संयोगिताच्या सासूनं, बयाबाईनं, विळा पुजला, खुरपं पुजलं आणि मोर्चा कॉम्प्युटरकडं वळवला. देवाधर्मात म्हातारीचा हात भलता सढळ. मागच्या बाजूला पंख्याची जाळी दिसली, तिला वाटलं देवाचं तोंड ते हेच. घातलं मूठभर हळदकुंकू, वर झेंडूच्या पाकळ्या, आणि शिंपडलं की पाणी! संयोगिता अंघोळ करून आली, भक्तिभावानं हात जोडले आणि तिनं बटण दाबलं.

फट्ट! धूर, जळका वास, आणि सगळं बंद. बोर्डाचं डिझाइन आतच अडकलं.

नेमका तेव्हाच धैर्यशील चहाला टपकला. "वहिनी, डबडं द्या भंगारात. नेसरीचा बोर्ड मी करतो, लावू का त्यांना फोन?"

"दिवेलागणीपतोर थांबा भावजी," संयोगिता म्हणाली. "तवर न्हाय चालू झालं, तर काम तुमचं. आणि मीबी परत येतो तुमच्या प्रेसवर." (आमच्याकडची बाई 'येतो' असंच म्हणते, उगीच नावं ठेवू नका.)

बोलून तर बसली! तिनं नाक लावून वास घेतला. जळलं होतं ते मागच्या डब्यातच, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये. घरची वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला सोसेल तेवढी भरवायची, हे त्या डब्याचं काम. तिनं तो सोडवला, पिशवीत घातला आणि शाहूपुरीतल्या जिनेशचं दुकान गाठलं.

जिनेशनं दोन खोकी पुढं ठेवली. एक झगमगीत, रंगीत लाइटवालं, वर भलामोठा पाचशे वॅटचा आकडा. संयोगितानं तो डबा हातात तोलला, तर भाकरीगत हलका. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक कार्डला लागते ती सहा टोकांची वायरसुद्धा त्याला नव्हती. दुसरा काळा, साधा, साडेचारशे वॅटचा, पण वजनदार. बाजूच्या कागदावर बारा व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा भरपूर, म्हणजे ग्राफिक कार्डाचं पोट भरेल एवढा, वायरी सगळ्या, वर तीन वर्षांची हमी.

"लाइटी गणपतीत लावू," ती म्हणाली. "हे काळं द्या."

"बरोबर निवडलासा वहिनी," जिनेश म्हणाला. "पण जुना डबा मेला म्हणून उघडून बघू नका हां. आत करंट दबा धरून बसतोय."

घरी धैर्यशील कॉटवर मांडी ठोकून बसलाच होता. संयोगितानं आतल्या पाकळ्या आणि कुंकू कोरड्या ब्रशनं झाडलं. नवा डबा बसवला, स्क्रू आवळले, रुंद वायर मदरबोर्डला दिली, मग डिस्कला, मग ग्राफिक कार्डला. बटण दाबलं. पंखे गरगरले! पण पडदा काळाठिक्कर.

"पंखा झाला की वहिनी! उकाड्याला बरा हाय," म्हणून धैर्यशील खो खो हसला आणि त्यानं मोबाइल काढला.

उंबऱ्यात बयाबाईनं डोळ्याला पदर लावला. "माझ्याच हातानं वाटोळं झालं गं पोरीचं."

संयोगितानं काळ्या पडद्याकडं बघितलं. परत ती प्रेस, परत तो कोपरा! पण पंखे फिरतात म्हणजे वीज येतेय. मग उपाशी राहिलं कोण? तिनं प्लग काढला आणि बोट फिरवत एकेक जागा तपासली. प्रोसेसरच्या शेजारी, पंख्याच्या आडोशाला, चार भोकांचं एक सॉकेट रिकामंच होतं.

"अगं बया! मेंदूलाच वाढलं न्हाय की मी!"

खट्‌. वायर बसली. तिनं बटण दाबलं आणि पडदा उजळला. नेसरीच्या बायकांचा बोर्ड जसाच्या तसा समोर उघडला. संयोगितानं अशी आरोळी ठोकली, की शेजारची माणसं दारात आली.

धैर्यशील चप्पल शोधायला लागला.

"बसा की भावजी, कुठं निघालासा? फाइल आत्ता पाठवतो तुमाला. मशीन तुमच्याकडंच हाय, छापायचं काम तुमचं. आज मी गिऱ्हाईक! आणि कोपऱ्यात 'डिझाइन: संयोगिता खाडे' लिवलंय बघा, ते जरा ठळक येऊ द्या."

गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? गेला बिचारा छापायला.

बयाबाई तबक घेऊन उंबऱ्यातच थबकली.

"या की आत्ती, ओवाळा," संयोगिता म्हणाली. "फकस्त लांबनं."

"त्येला न्हाय ओवाळत मी," म्हातारी म्हणाली. "इकडं ये तू."

आणि हात सढळ तो सढळच. सुनेच्या कपाळाला लावलेलं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं.