दिवसा सांगायची गोष्ट

शिराळ्याच्या मोटारस्टँडवर ज्ञानूमामाने माझी ट्रंक टपावर चढवली आणि गोष्ट काढली. लढाईचे दिवस होते. मोटार कोळशावर चालायची आणि तिची भट्टी पेटेपर्यंत उतारूंना दुसरं कामच नसे. मामा सुट्टी संपवून पलटणीत निघाला होता, मी मॅट्रिक होऊन सांगलीच्या एका शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला.

"वाळवंटात एक डाव आमास्नी ऊस दिसला," मामा सांगू लागला, "हिरवागार, लय उंच..."

आईने त्याला तिथेच अडवलं. "दिवसा गोष्ट नगं रं, ज्ञानू. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

"मामा मीच हाय न्हवं, आक्का? माझी वाट मला ठावं हाय," म्हणत तो हसला. पण पुढची गोष्ट काही सांगितली नाही. पेठ नाक्यावर तो कऱ्हाडकडे गेला, मी सांगलीकडे.

आपल्याकडे सगळ्यालाच गोष्ट म्हणतात. श्रावणात हातात अक्षता धरून ऐकायची ती कहाणी, आणि कुणी फारच चढवून सांगितली तर ती थाप. इंग्रजांनी मात्र तिच्यात जाती पाडून ठेवल्या आहेत. फेबलमध्ये जनावरं बोलतात आणि जाता जाता शहाणपण पदरात टाकतात. लेजंड खऱ्या माणसाभोवती वाढत जाते. मिथ देवादिकांची. माझा जीव जडला तो यार्नवर. यार्न म्हणजे सूत, शिपाई आणि खलाशी बसल्या बसल्या काततात ती लांबण. मामाचा ऊस ह्याच जातीचा, हे मला चटकन पटलं.

हे सगळे शब्द मी फळ्यावर लिहायचो, अर्थ सांगायचो, पण गोष्ट सांगायला जीभ उचलत नसे. शाळा दिवसाचीच भरणार. "सर, एखादी फेबल सांगा की," मुलं म्हणायची, आणि मी बाकांमधून येरझाऱ्या घालत विषय बदलायचो. हेडमास्तरांनी एकदा बोलावून सुनावलं, "पदार्थांची नावं शिकवता आणि ताट रिकामं ठेवता. असंच चाललं तर पुढच्या वर्षी दुसरा मास्तर बघावा लागेल." तुम्ही गावात राहिलेले हसणार नाही, पण माझ्यासारखे ट्रंक उचलून गेलेले नक्की हसाल. मलाही हसू यायचं. पण मामा समुद्रापलीकडे होता आणि त्याच्या जिवावर परीक्षा बघायची माझी छाती होत नव्हती.

मग तार आली. मिसिंग, म्हणजे बेपत्ता. इंग्रजीत ह्या जातीला रिपोर्ट म्हणतात. त्यात ना हिरवा ऊस, ना सांगणाऱ्याचा आवाज. आईला मी अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "म्हंजी वाट चुकलाय. मेला असं लिवलेलं न्हाई न्हवं?" त्यानंतर सुट्टीला गेलो की तिचा पहिला प्रश्न असे, "दिवसा सांगत न्हाईस न्हवं?" मी "न्हाई" म्हणायचो. घरी आलो की सांगलीची घाई सुटायची आणि सांगलीत संध्याकाळी आयर्विन पुलावर उभा राहिलो की घराची. कुठेच बूड टेकत नव्हतं.

लढाई संपली. बरेचजण परतले. मामा आला नाही.

आणि एका दुपारी वर्गाच्या दारात आई उभी. एकटीच मोटारीने आलेली, काखेत भाकरीचं गठुडं. मी बाहेर गेलो.

"मलकापूरचा एक गडी आलता, ज्ञानूच्या पलटणीतला," ती म्हणाली. "दुपारीच सांगाय लागला. मी म्हणलं, दिस मावळू दे. त्याची मोटार चुकली, तरी बसला बिचारा. दिवा लावल्यावर सांगितलं त्यानं. ज्ञानूवर माती त्यानंच लोटलीया, सोताच्या हातानं."

मग ती वर्गात शिरली आणि मागच्या बाकावर, मुलांनी सरकून दिलेल्या जागेत बसली. "ज्ञानूची ती उसाची गोष्ट सांग ह्या पोरांस्नी."

"आई, दिवस आहे."

"सांग. आता कोन चुकतंय वाट?"

मी सांगू लागलो. आई मागून हुंकार देत होती, घरी द्यायची तसाच. हिरव्यागार उसापर्यंत आलो आणि थांबलो, कारण पुढचं मला ठाऊक नव्हतं. "मग, सर?" मुलं म्हणाली. मग मी मामाला त्या उसात घातलं. पाती बाजूला सारत तो चालत राहिला, आणि उसाच्या दुसऱ्या कडेला निघाला तर समोर शिराळ्याचा मोटारस्टँड. आईचा हुंकार तिथे बंद झाला. ती पदर तोंडाला लावून बसली होती.

नोकरी टिकली. आता मी चांगल्या गोष्टी सांगतो म्हणतात. सुट्टीत शिराळ्याला जातो, भर दुपारी सोप्यात बसून गोष्ट काढतो आणि पहिल्या वाक्याला मुद्दाम थांबतो, आईने पूर्वीसारखं अडवावं म्हणून. गोष्ट सांगताना मला अडवत होतं ते माझं घर होतं. आई भाकरी थापता थापता म्हणते, "व्हय, सांग की पुढं."