दिव्यातलं पाणी

आमचे हे पेणहून धाटावला कंपनीची माणसं नेत. पांढरी व्हॅन, स्वतःची. पहिली शिफ्ट गाठायची म्हणजे अंधारातच निघायला लागायचं. मी पेणच्याच गणपतीच्या कारखान्यात, आखणीला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. रंग कुणीही लावील, पण डोळे सगळ्यांच्या हाताला येत नाहीत. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगते.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात व्हॅनच्या हेडलाइटमध्ये पाणी धरलं. बाहेरून कितीही पुसा, वाफ काचेच्या आतून. "रस्ता दिसत नाय गो, सगळं दुधासारखं," हे म्हणायचे. एका पहाटे कासूच्या वळणावर एक सायकलवाला थोडक्यात वाचला. चिखलात पडला, उठला, यांना यथेच्छ शिव्या देऊन निघून गेला. घरी आले ते फडकं घेऊन पुन्हा दिव्याची काच पुसायला बसले. "एवढ्या घरांची माणसं असतात माझ्या मागं," एवढंच बोलले.

मला राग आला तो त्या दिव्याचा. म्हटलं, काढा तो मेला आणि आणा इकडं. पावसात मूर्ती आपसूक वाळत नाहीत. बंद खोलीत मोठे बल्ब लावून वाळवायला लागतात. त्याच खोलीत, गणपतींच्या रांगेत, मी हेडलाइट ठेवला. येणारेजाणारे विचारायचे, "वहिनी, याला सोंड कधी लावणार?"

काच लख्ख झाली. मग मी आमच्या पद्धतीनं काम केलं. मूर्तीला चीर दिसली की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, भोक दिसलं की बुजवायचं; हात आपोआप जातो. काचेच्या कडेनं लांबी भरलीच, पण मागं रबराची एक बारीक नळी होती, तिचंही तोंड बंद करून टाकलं. वर घासून गुळगुळीतसुद्धा केलं. आठवडा गेला नाही तोवर दिवा पुन्हा घामेजला, आधीपेक्षा जास्त.

रोह्याच्या मेकॅनिकनं ते बघून कपाळाला हात लावला म्हणे. दिवा तापला की आतली हवा बाहेर यायला वाट लागते, ती वाट म्हणजेच ती नळी. मी नेमकी तीच बुजवली होती. "हे केलं कुणी?" त्यानं विचारलं, तर हे म्हणाले, "आमच्या मंडळींनी. गणपतीवाल्या हायत." त्यानं नळी मोकळी केली, कडेनं नवं सील भरलं. घरी येऊन हे सगळं सांगताना हे पोट धरून हसले. तसे हसलेले मी त्यानंतर फार पाहिले नाहीत.

दिवा बरा झाला. धो धो पाऊस लागला तरी आत थेंब नाही. आणि हे मात्र म्हणायचे, "धुकं अजून हाय गो. त्या मेकॅनिकला काय बी कळत नाय." मी जाऊन बघायची. काच कोरडी ठणठणीत, समोरच्या भिंतीवर स्वच्छ उजेड. "अहो, काही नाहीये आत." "तुला नाय कळायचं." रोज तेच. शेवटी मी वैतागून म्हटलं, चुलीत घाला ती गाडी.

आमची दोघांची एक रीत होती. दरवर्षी पहिल्या मूर्तीचे डोळे काढून झाले की ती यांना दाखवायची. चांगल्या डोळ्यांची परीक्षा एकच: तुम्ही कुठंही उभे राहा, देव तुमच्याकडंच बघायला हवा. हे दाराशी उभे राहायचे, मग हळूहळू भिंतीकडं सरकायचे आणि सांगायचे, "बघतोय गो." नाहीतर, "डावं बुबुळ जरा खाली घे." लग्न झाल्यापासून यांच्या 'बघतोय'शिवाय मी दुसऱ्या मूर्तीला हात लावलेला नाही.

त्या दिवशी हे दुपारच्या शिफ्टला निघण्याआधी कारखान्यात आले. मी ब्रश धुवायला मागच्या नळावर गेले होते. मूर्ती पाटावर होती, अंग रंगवलेलं, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. आखणी सुरूच व्हायची होती. मी परत आले तर हे दाराशी. भिंतीकडं सरकले, पुन्हा दाराशी आले.

"बघतोय गो," म्हणाले. "माझ्याकडंच बघतोय. यंदा झकास जमलेत."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा करताना यांची एक भुवई वर जायची. ती जागेवर होती. दिव्यातलं धुकं कधीच गेलं होतं. राहिलं होतं ते यांच्या डोळ्यांत, आणि हे रोज गाडीभर माणसं घेऊन त्यातून धाटावला जात होते.

गाडीची किल्ली यांनी रंगांच्या फळीवर ठेवली होती. यांनी हात पुढं केला, त्याआधी मी उचलली.

"उशीर होतोय गो. दे."

"आज नाही जायचं."

"का?"

"अहो, मी अजून डोळे काढलेच नाहीत."

हे मूर्तीच्या जवळ गेले. नाक टेकेल इतके जवळ. बोटानं चाचपणार होते, रंग ओला असेल म्हणून हात मागं घेतला. मग स्टुलावर बसले.

"त्या मेकॅनिकला उगाच शिव्या घातल्या," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "नाक्यावर माणसं थांबलीत. त्यांना निरोप धाड, एसटीनं जा म्हणावं."

पुढं पनवेलच्या डॉक्टरनं सांगितलं, साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झालेत, गेलेली नजर परत यायची नाही, आहे तेवढी राखा. गाडी यांनी पुन्हा चालवली नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी मी किल्ली कमरेला खोचली आणि रडायला लागले. हे म्हणाले, "रडू नको, हात हलंल. काढ डोळे. मी हाय बसलेला."

मी डोळे काढले. झाल्यावर सवयीनं तोंडातून गेलंच, "बघतोय का हो?"

"तू उभी राहा दाराशी," हे म्हणाले. "तू सांग."

मी दाराशी गेले. भिंतीकडं सरकले. "बघतोय," म्हटलं.

"आणि माझ्याकडं?"

मी यांच्या स्टुलामागं जाऊन उभी राहिले, यांच्या खांद्यावरून बघितलं.

"तुमच्याकडं पण," मी म्हटलं.