एक कार्ड, दोघी

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच सांगवतंय बहुतेक.

हिरा आणि मी मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. बावीस वर्षं एका टेबलावर. रिटायर झालो तरी भाजीला, दवाखान्याला एकत्रच. मुलीने मला ते टेकवायचं कार्ड काढून दिलं — बसलाही तेच, मेट्रोलाही तेच — तेव्हापासून मी जरा शेफारलेच. बसमध्ये कंडक्टरसमोर कार्ड धरायचं आणि ऐटीत म्हणायचं, "दोन द्या." तो मशीनला टेकवायचा, दोन तिकिटं यायची. हिरा म्हणायची, "झकास गं, तू तर मॅडम झालीस!" मला आवडायचं ते. का नाही आवडणार?

आमच्याच टेबलावरच्या कुंदाच्या नातीचं बारसं होतं, घाटकोपरला. म्हटलं, मेट्रोने जाऊ. हिरा पहिल्यांदाच मेट्रोत बसणार होती. तिकिटाच्या खिडकीपाशी ती म्हणालीसुद्धा, "माझं तिकीट काढू का गं?" मी म्हटलं, "अडाण्यासारखं करू नकोस. मी आहे ना!"

मी आहे ना — हे माझेच शब्द.

कार्ड टेकवलं, फाटक उघडलं, मी आत. मग हात मागे करून कार्ड हिराला दिलं. तिने टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. तिथे एका कार्डावर एकच माणूस जातं, हे मला कुठे ठाऊक होतं? पण ते नाही सांगायचंय मला. न कळणं हा काही गुन्हा नाही. पुढचं सांगायचंय.

मागे रांग तुंबली. गार्ड आला. "एका कार्डावर दोघी घुसता काय, आजी? कुणाचं कार्ड आहे हे?" मोठ्याने. लोक वळून बघायला लागले. बारशासाठी नवी साडी नेसलेली हिरा — तिने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. दोन पावलांवर होते मी. "माझं आहे" — एवढंच बोलायचं होतं ना?

मी तोंड फिरवलं आणि सरकत्या जिन्यावर चढले. जणू ती बाई माझ्या ओळखीचीच नाही.

घाटकोपरला बाहेर पडायला कार्ड नव्हतं. हरवलं म्हणून सांगितलं, दंड भरला. बारशाला सगळ्या विचारायला लागल्या, हिरा कुठाय? म्हटलं, तिला ताप आलाय. एकदा सुरू झालं की जीभ अडखळतसुद्धा नाही.

पाळणा म्हणायच्या वेळी हिरा दारात. बसने आली होती, विचारत विचारत. कुंदा धावली, "अगं, ताप असताना कशाला आलीस?"

हिराने माझ्याकडे बघितलं — फाटकापाशी बघितलं होतं, तसंच. मग म्हणाली, "उतरला."

घुगऱ्या वाटत होते तेव्हा तिने माझ्या हातात कार्ड ठेवलं. फाटकाचा विषय मात्र तिने काढला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मीही नाही.

अजून आम्ही भाजीला एकत्र जातो. बोलतो, हसतो. फक्त बसमध्ये कंडक्टर यायच्या आधीच तिच्या मुठीत सुटे पैसे असतात. म्हणते, "एक द्या."