लेकीच्या घरचं ताट

शकुनबाई माझ्या विहीणबाई. माझ्या सुनेच्या, गीतांजलीच्या, आई. त्यांच्याविषयी मला फार थोडं ठाऊक आहे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी जे बोललो, ते सगळं अमरावती ते बडनेरा एवढ्या दहा किलोमीटरच्या वाटेत बोलून संपलं असतं. आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. या दोघांनी जरा लांबच बसावं अशी रीत आहे आणि माझा स्वभावही तसाच. खरं तर त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहायला हवं होतं. पण गीतांजली म्हणाली, "बाबा, तुम्हीच लिहा. मला नाही जमणार."

त्या अकोल्याला मुलाजवळ, नितेशजवळ, राहायच्या. लेकीला भेटायला सकाळच्या एसटीनं अमरावतीला येत आणि दुपारच्या गाडीनं परत जात. आमच्याकडे पाणी घ्यायच्या, चहा घ्यायच्या, जेवायच्या मात्र नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही जुनी चाल. आता कुणी पाळत नाही. शकुनबाई पाळत. घरून आणलेला डबासुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत उघडत नसत, जाताना बसमध्ये खात.

माझी बायको मैना तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "ईनबाई, आमचं पीठ काय दुसऱ्या गिरणीतून येते काय?"

"तुमचं पीठ चांगलं आहे जी. नातू येऊ द्या, मंग पाह्यजा, टोपलं खाली करतो."

दोघी हसायच्या. सुरुवातीची दोन-तीन वर्षं खरंच हसायच्या.

एकदा उन्हाळ्यात आम्ही सगळे चिखलदऱ्याला निघालो. गीतांजलीनं आईलाही बोलावून घेतलं होतं. परतवाड्याला एका हॉटेलात जेवायला थांबलो. गीतांजलीनं जरा भीतभीतच विचारलं, "आई, हे तं कोणाचं घर नाही ना?"

"नाई व. हे हाटेल आहे."

त्या दिवशी शकुनबाईंनी लेकीच्या शेजारी बसून शेवभाजी आणि तीन पोळ्या खाल्ल्या. गीतांजली स्वतःचं जेवण सोडून त्यांच्याकडे बघत होती. तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही कुठं ना कुठं जाऊ लागलो. बहुतेकदा चिखलदरा, एकदा पचमढी. माझा मुलगा शेखर गाडी चालवायचा. डोंगर आणि गारवा हे निमित्त होतं. सुनेला चार दिवस आईबरोबर एका टेबलावर जेवायचं असे.

चिखलदऱ्याला बाकीचे पॉइंट बघायला जात. शकुनबाईंचे गुडघे दुखायचे आणि मला दम लागायचा, म्हणून आम्ही लॉजच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुर्च्या टाकून बसायचो. तिथं पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी पिशवीतून क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा काढला. चांदूर बाजारला माहेरी असताना त्या क्रोशाचं काम करायच्या. लग्नानंतर शेत आणि घर यात सुई पेटीच्या तळाशी गेली.

"बोटं इसरली असन ईवाई," त्या म्हणाल्या.

पहिला दिवस साखळ्या घालण्यात आणि उसवण्यात गेला. तिसऱ्या दिवशी वाटीएवढं गोल काहीतरी तयार झालं. टोपरं होतं, तान्ह्या बाळाचं. काठाला बारीक कंगोरे. मला त्यातलं कळत नाही, पण सुबक वाटलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढत गेल्या. टोपऱ्याचा पुन्हा गुंडा झाला.

मला राहवलं नाही. "काहून उसवलं?"

"लेकरू यायच्या आंधी लेकराचे कपडे घरात ठेवू नाई."

"मंग इणलं काहून?"

"हात बसलेला पाह्यजे ना."

पुढच्या उन्हाळ्यातही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. दोरा तोच. विणून उसवून त्याची लव गेली, पांढरा रंग मळकट झाला, तुटला तिथं गाठी आल्या. पचमढीला गीतांजली म्हणाली, "आई, दुसरा दोरा घे ना."

"हा कुठी संपला?"

मधल्या काळात नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. दोनदा काहीतरी सुरू झालं आणि संपलं. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही. शेखर नागपूरहून आला की गाडी धूत बसायचा. हळूहळू मैनाचं पिठावरून चिडवणं थांबलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबा. गीतांजलीची चाळिशी उलटून गेली होती. मे महिन्यात शकुनबाई नेहमीसारख्या पिशवी घेऊन आल्या. शेखरनं सुटी टाकलीच नव्हती.

"यंदा कुठं जायचं नाही," गीतांजली म्हणाली.

पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसून शकुनबाईंनी विणायला घेतलं. दुपारी गीतांजली ताट घेऊन आली. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. त्यांच्यापुढं स्टुलावर ठेवलं.

"जेव."

"माह्याजवळ डबा आहे व."

"डबा राहू दे. तू पाणी पिऊन निंगून जातं, तवा मले काय वाटते, मालूम आहे? या घरात मले कोणी एक शब्द बोललं नाई. तूच येतं अन् आठवण देऊन जातं."

"मी जेवली तं त्याचा अर्थ काय होते, समजते तुले?"

"समजते. म्हणूनच म्हणतो, जेव."

मैना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला उठून जायचं होतं, पण दोघींच्या मधून जावं लागलं असतं. मी पेपर धरून बसून राहिलो. मला जे समजलं ते बरोबर आहे की नाही, सांगता येत नाही. शकुनबाई जेवत नव्हत्या तोवर या जगात निदान एक माणूस त्या बाळाची वाट बघत होतं. जेवल्या तर ते संपलं. न जेवल्या तर लेकीला दर खेपेला तोच घाव.

त्यांनी सुई गुंड्यात खोवली. हात धुऊन आल्या आणि भाकर मोडली.

सगळं खाल्लं. गीतांजलीनं गरम भाकर आणली तेव्हा "अर्धीच टाक" म्हणाल्या. मैनानं हळूच विचारलं, "मीठ बराबर आहे ना ईनबाई?"

"आहे जी."

आता तरी मायलेकींचं मन हलकं होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्या रात्री शकुनबाई मुक्कामाला राहिल्या, संध्याकाळी जेवल्या, सकाळी पोहे खाल्ले. जे पुढं येईल ते औषधासारखं खात होत्या. गीतांजली वाढत होती आणि दोघींपैकी कुणीच वर बघत नव्हतं. आधी निदान मे महिन्याची वाट बघायची असे. आता हॉटेलात जायचंही कारण उरलं नव्हतं. पिशवी खुंटीला होती, त्यांनी ती उघडली नाही.

दिवाळीनंतर अकोल्याहून नितेशचा फोन आला. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या. यंदाच्या मे महिन्यात आम्ही घरीच होतो.

म्हणजे पोहे खाऊन निघाल्या त्या सकाळी बसस्टँडवर झाली ती आमची शेवटची भेट. शेखर ऑफिसला गेला होता, म्हणून ऑटोनं मीच त्यांना सोडायला गेलो. गाडी लागली होती, ड्रायव्हर यायचा होता. मी आत जाऊन पिशवी सीटवर ठेवली. आदल्या दिवशीबद्दल काहीतरी बोलावं असं वाटत होतं. खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो.

"ऊन याच बाजूनं येईन ईनबाई. तिकडं बसा."

"राहू द्या. इकडं वारा तं लागते."

"पोचल्यावर फोन करा."

"करतो जी. तुमी निंगा आता, ऑटोवाला थांबला असन."