साहेब म्हणाले, बाहेर थांबा

त्या माणसाचं कोडगं हसू आठवलं की अजूनही माझं डोकं सणकतं. त्याहून जास्त राग येतो तो स्वतःचा.

मी प्रताप नगरात राहणारा साधा सरकारी कारकून. लाचलुचपतवाले सापळा लावतात तेव्हा दुसऱ्या खात्यातला कुणीतरी साक्षीला पंच म्हणून नेतात. त्या वेळी माझा नंबर लागला. तक्रार होती कामठीच्या एका विणकर बाईची. नवरा वारला, घर तिच्या नावावर चढवायचं होतं, आणि जमिनीच्या दप्तरातला साहेब पैसे घेतल्याशिवाय कागद हलवायला तयार नव्हता. मला काम एकच होतं. तिचा भाऊ म्हणून तिला चिकटून राहायचं आणि साहेब काय मागतो ते स्वतःच्या कानानं ऐकायचं.

आम्ही समोर बसलो. साहेबानं माझ्याकडे न बघताच म्हटलं, "तुम्ही बाहेर थांबा."

आणि मी गेलो की हो बाहेर! सव्वीस वर्षं नोकरीत दुसरं केलं काय? साहेब 'बाहेर' म्हणाला की आमचे पाय डोक्याला विचारत नाहीत, दाराकडे वळतात. किती समजावून पाठवलं होतं मला, सगळं मातीत घातलं.

पुढं बाईनं खूण केली, पथक आत शिरलं, नोटांना आधीच पूड लावलेली होती, साहेबाची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली तर पाणी गुलाबी झालं. खालच्या कोर्टानं बाईचं खरं मानलं आणि शिक्षा दिली. मग तो अपिलात गेला.

हायकोर्टात त्याच्या वकिलानं माझीच साक्ष वाचून दाखवली. पैसे मागितलेले पंचानं ऐकले? नाही. बाईजवळ लपवून दिलेल्या रेकॉर्डरमध्ये तर नुसती पंख्याची घरघर. म्हणे बाईनंच नोटा बळजबरीनं हातात कोंबल्या, साहेबानं बिचाऱ्यानं झटकल्या. इतकी उघडी थाप, आणि तिला टेकू माझा! निकाल लागला, मागणी सिद्ध होत नाही, संशयाचा फायदा देऊन निर्दोष. फायदा त्याला मिळाला आणि संशय सगळा बाईवर आला.

व्हरांड्यात लोक त्याचे हात हातात घेत होते आणि तो कोडगं हसत होता. आता तो परत त्याच खुर्चीत बसणार, आणि 'मामला कोर्टात आहे' म्हणून इतकी वर्षं अडवून ठेवलेला तिचा कागदही त्याच टेबलावर जाणार.

बाई रडली नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "भाऊ, भेव तं मलेबी लागत होतं. पण मी बसून राहिली. तुमी काहून उठले?"

तेवढ्यात शिपाई आला, इथं गर्दी करू नका, बाहेर चला म्हणाला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर मी मागं वळून पाहिलं. बाई होती तिथंच उभी होती.