शेवटच्या पुलावर तो नव्हता

निपाणीत बसमधून उतरलो आणि तंबाखूचा उग्र वास नाकात शिरला, की मला वखारीशेजारचं ते व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं. सुट्टीला कंग्राळीहून आलेली माझी आतेबहीण, आमची आक्का, तिथं तलवारबाजीचा एक गेम खेळायची आणि मी शेजारी बसून बघायचो. त्यातला एक प्रतिस्पर्धी प्रत्येक पुलावर आडवा यायचा, तीच बढाई मारायचा, तिला हरवायचा आणि हसत वाट सोडायचा. "आला बघ परत! ह्याला घरदार न्हाय काय रं?" आक्का वैतागायची. त्याला एकदा तरी हरवायचं, एवढाच तिचा ध्यास होता. शेवटच्या पुलावर मात्र तो नव्हता. तिथं तिला तलवार शिकवणारे म्हातारे गुरुजी उभे होते. ते म्हणाले, "तुझ्या मागावर आलेलं सैन्य अडवायला तो मागे एकटाच थांबलाय." मला ते पटेना. घरातल्या राजकीय पत्रकांच्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकलो होतो आणि त्यांत विरोधक कधीच कुणासाठी थांबलेला नव्हता. "आक्का, पूल ओलांड की, जिंकलीस!" मी ओरडलो. तिनं आपला योद्धा मागं वळवला. "अगं, गेम पुढं हाय!" "व्हय, पण त्यो मागं हाय न्हवं?" आता पत्रकं मी लिहितो, तितक्याच त्वेषानं. पण विरोधकाचं नाव आलं की क्षणभर हात थांबतो, आणि सैन्याच्या दिशेनं एकटाच चालत निघालेला आक्काचा योद्धा दिसतो.