मास्तरांचा पाय थांबला तेव्हा

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. रस्ता रिकामा असो, समोर चिटपाखरू नसो, लाल दिवा दिसला की हे थांबणार म्हणजे थांबणारच. माझं डोकं फिरायचं.

त्या दिवशी आमच्या घरासमोरच एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. स्वतः भिंतीला टेकून "या, या, अजून या" चाललेलं. बाई आल्या. मागच्या दाराला लावलेली स्टेपनी थेट यांच्या छातीवर, पाठीला भिंत. बाहेर रक्ताचा थेंब नाही. उलट आरसा पाहिला नाही म्हणून बाईंचीच खरडपट्टी काढली. मग मात्र चेहरा पांढराफटक पडला, मानेच्या शिरा फुगल्या. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

ड्रायव्हर यांचाच जुना विद्यार्थी निघाला. झालं! आडवं व्हायचं सोडून हे त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी मागून डोकावतेय तर सायरन बोंबलतोय आणि गाडी लाल दिव्यापाशी उभी. मास्तरांसमोर सिग्नल तोडायची त्याची हिंमतच होईना. मी दोघांनाही वाट्टेल ते बोलले, ढिम्म परिणाम नाही. शिकवायच्या गाडीत यांच्या बाजूलाही ब्रेक असतो. त्या सवयीनं इथेही हे प्रत्येक सिग्नलला पायाखालचा पत्रा दाबत होते आणि तो बापडा त्या पायाकडे बघून थांबत होता.

पुढच्या लाल दिव्याला पाय हललाच नाही.

"काकू, मास्तर ब्रेक मारत नाहीयेत," तो म्हणाला. रडकुंडीला येऊन त्यानं गाडी जी सोडली, ती हॉस्पिटलच्या दारातच थांबवली. वाटेतला एकही लाल दिवा त्यानं पाळला नाही.

डॉक्टरीणबाईंनी छातीवर मशीन फिरवलं. हृदय फाटलंय, म्हणाल्या, भोवतीच्या पिशवीत रक्त साठून ते दाबलं जातंय. ऑपरेशनच्या खोलीत न्यायलाही वेळ नव्हता. तिथेच छाती उघडली, रक्त काढलं, भोकावर बोट दाबून धरलं आणि तसंच धरून टाके घातले. अजून एका सिग्नलला थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं, असं त्या नंतर म्हणाल्या. मी तिथेच पोटभर रडले.

घशातली नळी निघाल्यावर यांनी आधी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तो दाराशीच मान खाली घालून उभा.

"किती तोडलेस?"

"मोजले नाहीत, मास्तर."

 यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "बरं केलंस. पुन्हा करू नकोस."

"करायचं," मी म्हटलं. "माझा नवरा गाडीत असला की खुशाल करायचं."